सख्खी, चुलत की परकी? हॉजकिनच्या पेशीचं कूळ कसं सापडलं

सूक्ष्मदर्शकाखाली एका लसिका ग्रंथीचा काप आहे. काचेच्या डाव्या बाजूला गोल गोल पुंजके दिसतात, एकसारख्या लहान पेशींचे, एकमेकांना खेटून बसलेले. हा फॉलिक्युलर लिम्फोमा, लसिका ग्रंथींचा एक कॅन्सर. काच थोडी उजवीकडे सरकवली की चित्रच पालटतं. लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी अशा तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या पेशींची सरमिसळ गर्दी, आणि तिच्यात मधूनच एखादी अवाढव्य पेशी. दोन केंद्रकं, प्रत्येकात एक ठसठशीत गुलाबी ठिपका, जणू घुबड रोखून बघतंय. ही रीड-स्टर्नबर्ग पेशी, हॉजकिन लिम्फोमाची खूण.

एकाच माणसाच्या एकाच गाठीत दोन कॅन्सर. आम्ही पॅथॉलॉजीवाले याला कॉम्पोझिट लिम्फोमा म्हणतो. असा नमुना क्वचितच टेबलावर येतो. रिपोर्टात दोन्ही नावं लिहून सही करता येते आणि ती सही चुकीचीही नसते. पण या दोघांचं आपसात नातं काय, हे त्या रिपोर्टातून कळत नाही. दोन परके योगायोगाने एका घरात आले? एकातून दुसरा जन्मला? की दोघांची आई एकच आणि ती आता कुठे दिसत नाही?

नुसत्या डोळ्यांनी याचं उत्तर मिळत नाही. ते मिळालं जनुकांच्या तपासणीतून. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी असे दोन रुग्ण अभ्यासले. दोघांनाही हॉजकिन होता आणि नॉन-हॉजकिन, म्हणजे हॉजकिनखेरीजचा दुसरा, लिम्फोमाही होता. त्या कामाची ही हकीकत आहे. ती सुरू होते मात्र बरीच आधीपासून, कारण तोवर रीड-स्टर्नबर्ग पेशी मुळात कोणत्या कुळातली हेच माहीत नव्हतं.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिनने १८३२ साली वाढलेल्या ग्रंथी आणि प्लीहेचे सात रुग्ण वर्णन केले. त्याचं नाव या आजाराला सॅम्युएल विल्क्सने १८६५ मध्ये दिलं. व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गने १८९८ मध्ये त्यातल्या मोठ्या पेशींचं नीट वर्णन केलं, पण आजार त्याला क्षयाचाच एक वेगळा प्रकार वाटला. १९०२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डोरोथी रीडने ठामपणे लिहिलं की हा क्षय नव्हे. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण स्टर्नबर्गची ती गफलत आपल्याकडे अजून रोज होते. मानेला गाठ आली की ‘गंडमाळ असेल’ म्हणून बायोप्सी न करताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. गाठ थोडी कमी-जास्त होते, सहा महिने जातात आणि मग तुकडा आमच्याकडे येतो. आपल्याकडे क्षय इतका आहे की पहिली शंका त्याची येणं स्वाभाविकच आहे. पण तुकडा न काढता औषध सुरू करणं मला कधीच पटलेलं नाही.

रीडनंतर जवळजवळ नव्वद वर्षं ही पेशी कुणाची यावर वाद चालला. कुणी म्हणे मॅक्रोफेज, कुणी टी पेशी, कुणी डेंड्रिटिक पेशी, तर कुणाच्या मते दोन पेशींचा संकर. प्रत्येकाकडे थोडा पुरावा होता. ही पेशी आपली ओळख टाकून देते, हे त्याचं कारण. बी पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या लिम्फोसाइटच्या, अंगावर सीडी२० नावाची खूण असते, प्रतिपिंड असतं. इथे बहुतेक वेळा दोन्ही नाहीत. उलट सीडी३० आणि सीडी१५ सारख्या खुणा असतात आणि त्यावरून कूळ ठरत नाही. दुसरी अडचण संख्येची. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सरपेशी साधारण शंभरात एक असतात. बाकी सगळी जमलेली गर्दी. सगळी गाठ कुटून तिचा डीएनए काढला तर त्यात गर्दीचाच आवाज ऐकू येतो.

मग कूळ ओळखायचं कसं? अंगावरचे कपडे बदलता येतात, पण घरच्या कागदपत्रांतल्या नोंदी राहतात. बी पेशीकडे असा एक कागद असतो.

प्रतिपिंडाची जड साखळी ज्या जनुकातून बनते ते १४ व्या गुणसूत्रावर आहे. जन्मतः ते अखंड नसतं, तुकड्यांत असतं: सुमारे चाळीस उपयोगी व्ही तुकडे, वीस-पंचवीस डी आणि सहा जे. अस्थिमज्जेत घडताना प्रत्येक बी पेशी त्यातला एकेक उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि तुकडे जोडते. जोडताना सांध्यावर डीएनएची (ए, टी, जी, सी यांपैकी) काही अक्षरं झडतात, काही नवी, वाटेल ती, घातली जातात. त्यामुळे सांध्याची अक्षरमाला त्या पेशीची आणि तिच्या वंशाचीच असते. जनुकं अशी कापली-जोडली जातात हे सुसुमु टोनेगावाने १९७६ मध्ये बाझेलला दाखवलं आणि त्याबद्दल त्याला १९८७ चं नोबेल मिळालं.

इथवर झाला त्या कागदावरचा, सातबाऱ्यावर असतो तसा, गट नंबर. पुढचा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर आहे. जंतू दिसला की बी पेशी लसिका ग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये शिरते आणि तिथे आपल्याच प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करते. दर विभाजनाला हजार अक्षरांमागे सुमारे एक, म्हणजे इतर जनुकांपेक्षा जवळजवळ दहा लाख पट वेगाने. ज्या चुकीने प्रतिपिंड जास्त घट्ट चिकटतं ती पेशी तगते. बिघडलेली मरते. आणि झालेली प्रत्येक चूक तिच्या लेकीबाळींकडे तशीच उतरते.

आपल्याकडे जमिनीचे कागद पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि गाव नमुना सहामध्ये फेरफारांची नोंद असते. महसुलाच्या इंग्रजी कागदांत फेरफाराला शब्दही म्युटेशन हाच आहे. दोन माणसं तलाठ्याकडे दोन सातबारे घेऊन आली. आजच्या तारखेला नावं वेगळी, पिकं वेगळी, एकात ऊस तर दुसऱ्यात पडीक. पण जुने फेरफार काढले तर आजोबांपर्यंतच्या नोंदी शब्दशः सारख्या. मग वाटणीचा फेरफार, आणि त्यानंतर प्रत्येकाचे आपले वेगळे: इकडे बोजा चढला, तिकडे वारस लागले. यावरून तलाठी सांगू शकतो की ही एकाच घरची जमीन आणि ती अमुक टप्प्यावर फुटली.

लिम्फोमाचंही असंच वाचायचं असतं. समजा, एका रुग्णाच्या दोन्ही गाठींतल्या पेशींत व्ही-डी-जे सांधा अक्षर न् अक्षर सारखा आहे. म्हणजे मूळ एक. आता व्ही तुकड्यातल्या चुका पाहायच्या. ४० व्या जागी दोघांतही जी चा ए झालेला. ११२ व्या जागी दोघांतही सी चा टी. या समाईक नोंदी, वाटणीपूर्वीच्या. मग १५० व्या जागी फक्त हॉजकिनच्या पेशींत बदल आणि २०३ व्या जागी फक्त फॉलिक्युलरच्या पेशींत. या वाटणीनंतरच्या. फॉलिक्युलरच्या सगळ्या चुका हॉजकिनमध्ये असत्या आणि वर आणखी काही असत्या, तर हॉजकिन त्याच्यातूनच जन्मला असं म्हणता आलं असतं. पण दोघांकडे आपापल्या वेगळ्या नोंदी असतील तर ते मायलेक नव्हेत, बहिणी आहेत. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, रीत मात्र हीच.

रीत कागदावर सोपी. प्रत्यक्षात शंभरातली ती एक पेशी वेगळी कशी उचलायची?

कोलोनच्या आनुवंशिकी संस्थेत क्लाउस रायेव्स्की यांच्या गटात राल्फ क्युपर्स काम करत होते आणि पॅथॉलॉजीच्या बाजूने मार्टिन-लिओ हान्समान होते. या मंडळींनी जर्मिनल सेंटरमधली एकेक बी पेशी कापातून उचलून तिचं जनुक वाचण्याची पद्धत १९९३ मध्ये बसवली होती. तीच मग हॉजकिनवर लावली. गोठवलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा. सीडी३० च्या प्रतिपिंडाने रंगवायचा, म्हणजे मोठ्या पेशी रंगून उठतात. वर द्रावणाचा थर. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या यंत्राने केसासारखी बारीक काचनळी खाली आणायची, हवी ती पेशी शेजाऱ्यांपासून हळूच सुटी करायची, ओढून घ्यायची आणि एका नळीत एकच अशी सोडायची. मग पीसीआर, म्हणजे त्या जनुकाच्या वाचता येतील इतक्या प्रती काढायच्या.

एका पेशीत या जनुकाच्या प्रती असतात जेमतेम दोन. शेजारच्या लिम्फोसाइटचा एक कपटा चिकटून आला किंवा हातमोज्यावरचा जुना डीएनए उडाला, तर उत्तर सपशेल चुकतं. म्हणून कापावरचं नुसतं द्रावणही वेगळ्या नळ्यांत घालून तपासायचं. तिथे काही उमटलं तर ती सगळी फेरी रद्द. ज्यांनी पीसीआरच्या खोलीत दूषिततेशी झुंज दिली आहे त्यांना या कामात किती संयम लागला असेल हे सांगायला नको.

पहिला निकाल १९९४ मध्ये आला: रीड-स्टर्नबर्ग पेशींत प्रतिपिंडाचं जनुक जोडलेलं सापडलं, आणि एका गाठीतल्या वेगवेगळ्या नळ्यांत तेच ते. म्हणजे बी पेशी, आणि एकाच वंशाच्या. १९९६ मध्ये होल्गर कान्झ्लर आणि सहकाऱ्यांनी आणखी रुग्ण तपासले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जनुकात चुका भरपूर होत्या, म्हणजे पेशी जर्मिनल सेंटरमधून आलेली. पण काही रुग्णांत चुका अशा होत्या की जनुकच निकामी झालेलं, वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडावा तसं. असं सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत आढळतं. अशी पेशी जर्मिनल सेंटरमध्ये जगू शकत नाही, तिला तिथे मरावंच लागतं. ज्या पेशीला मरणाचा हुकूम झाला होता, तिचाच हा कॅन्सर.

ती वाचली कशी? काही रुग्णांपुरतं तरी उत्तर आहे: एपस्टाइन-बार विषाणू. त्याची एलएमपी१ आणि एलएमपी२ए ही दोन प्रथिनं बी पेशीला जगण्यासाठी लागणारे नेमके दोन इशारे नकली देतात. जनुक पार निकामी झालेल्या हॉजकिनच्या गाठींत हा विषाणू जवळजवळ हमखास सापडतो. आपल्या देशातल्या, विशेषतः लहान मुलांच्या, हॉजकिनमध्ये त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे हा धागा आपल्याकडे जास्त ताणून पाहायला हवा असं माझं मत आहे.

हे सगळं सुरळीत मान्य झालं नाही. बर्लिनच्या गटाने, ज्यात सीडी३० च्या शोधामागचे हाराल्ड स्टाइन होते, १९९५ मध्ये वेगळंच चित्र मांडलं: काही गाठींत एकच वंश, पण काहींत अनेक वंशांच्या पेशी. अनेक वंश असतील तर तो कॅन्सर कसा म्हणायचा? वाद खरा होता आणि पेशी उचलण्याच्या तंत्रावर अडला होता. पुढे बर्लिनच्याच गटाने २००० साली जास्त काटेकोर पद्धतीने पाहिलं आणि त्यांनाही एकच वंश, जर्मिनल सेंटरमधलाच, सापडला. मला या भांडणातला हा शेवट फार मोलाचा वाटतो. ज्यांनी शंका घेतली त्यांनीच स्वतःच्या हाताने तपासून ती मिटवली. त्याच सुमारास फार थोडे रुग्ण असेही आढळले ज्यांची रीड-स्टर्नबर्ग पेशी खरोखर टी पेशीपासून आली होती. म्हणजे जुने टी पेशीवाले अगदीच हवेत बोलत नव्हते. आजाराचं नावही याच काळात बदललं. २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘हॉजकिनचा आजार’ हा ‘हॉजकिन लिम्फोमा’ झाला.

आता ते दोन रुग्ण. आंद्रेआस ब्रॉयनिंगर, हान्समान, रायेव्स्की, क्युपर्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दोघांच्याही रीड-स्टर्नबर्ग पेशी आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी एकेक करून उचलल्या आणि जनुकं शेजारी शेजारी मांडली. दोन्ही रुग्णांत सांधा तोच. काही चुका समाईक. काही फक्त हॉजकिनच्या, काही फक्त नॉन-हॉजकिनच्या. म्हणजे वर सांगितलेलं बहिणींचं चित्र. जर्मिनल सेंटरमध्ये एक पेशी होती, तिच्या लेकी दोन वाटांनी गेल्या. एक झाली बी पेशींचा नॉन-हॉजकिन लिम्फोमा आणि दुसरी आपली ओळख पुसून घुबडाच्या डोळ्यांची झाली.

इथे जपून बोलायला हवं. फॉलिक्युलर लिम्फोमात चुका होणं थांबत नाही, गाठीतल्या पेशी आपसातही थोड्या थोड्या वेगळ्या असतात. म्हणून थोड्याच पेशी वाचल्या तर मधली एखादी पायरी नजरेतून सुटू शकते आणि मायलेकी बहिणी वाटू शकतात. पुढच्या वर्षांत आणखी कॉम्पोझिट लिम्फोमा वाचले गेले आणि बहुतेक वेळा तेच निघालं. शिवाय आई कशी असेल याचाही अंदाज आला. २००५ मध्ये क्युपर्स यांच्या गटाने दाखवलं की अशा जोड्यांत बीसीएल२ (पेशीला मरू न देणारं) किंवा सायक्लिन डी१ (तिला विभागायला लावणारं) यांचं जनुक १४ व्या गुणसूत्रावर जाऊन बसल्याची खूण दोन्ही गाठींत असू शकते, तर इतर काही बिघाड एकीतच. बीसीएल२ ची ही अदलाबदल मुळात अस्थिमज्जेत, व्ही-डी-जे जोडताना होते. म्हणजे पहिला घाव वाटणीच्या कितीतरी आधीचा. ही खूण अगदी थोड्या पेशींत का होईना, पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तातही सापडते आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही.

अशी मुकी आई माणसातून माणसात जाऊ शकते हेही पुढे दिसलं. एका रुग्णाला दात्याच्या रक्तपेशी दिल्या होत्या. काही वर्षांनी दाता आणि रुग्ण दोघांनाही फॉलिक्युलर लिम्फोमा झाला. बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतल्या डेव्हिड वाइनस्टॉक यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की दोघांच्या गाठींतली बीसीएल२ ची अदलाबदल हुबेहूब एकच होती. दान करताना दात्याला कसलाही त्रास नव्हता. पेशी तेव्हाच वाटेला लागलेली होती.

‘याचा रुग्णाला उपयोग काय’ हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी रिक्टरचं उदाहरण देते. हळू चालणारा रक्ताचा कॅन्सर, सीएलएल, असलेल्या काही रुग्णांत अचानक एक गाठ झपाट्याने वाढते आणि तपासली तर मोठ्या बी पेशींचा आक्रमक लिम्फोमा निघतो. मॉरिस रिक्टरने १९२८ मध्ये हे वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांची गाठ सारखीच दिसते. पण इटलीतल्या नोवारा इथल्या दाविदे रोस्सी आणि जानलुका गाइदानो यांच्या गटाने २०११ मध्ये जुन्या सीएलएलचं आणि नव्या गाठीचं प्रतिपिंड-जनुक शेजारी ठेवलं. पाचातल्या साधारण चौघांत गाठ जुन्याच वंशाची होती, पाचव्यात परकी. जुन्या वंशाच्या गाठीचे निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षाच्या आत गेले. परक्या गाठीच्या निम्म्या रुग्णांनी पाच वर्षांची मजल ओलांडली. आकडे नव्या औषधांच्या आधीचे आहेत, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. परकी गाठ नव्याने झालेल्या लिम्फोमासारखी वागते आणि तिच्यावर तशाच हिमतीने उपचार करता येतात.

ही तपासणी आता एकेक पेशी उचलून करावी लागत नाही. सीएलएल आणि मोठ्या पेशींच्या लिम्फोमात कॅन्सरपेशीच बहुसंख्य असतात, त्यामुळे मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्याचा डीएनएही चालतो. एक चूक मात्र वारंवार होते. पीसीआरनंतर दोन नमुन्यांच्या पट्ट्या एकाच लांबीच्या आल्या की ‘एकच वंश’ असं लिहून टाकलं जातं. लांबी सारखी म्हणजे अक्षरं सारखी नव्हेत. अक्षरं वाचायलाच हवीत.

आणि त्यासाठी जुना नमुना लागतो. अडतं ते इथेच. नवी गाठ समोर असते, तिची जनुकंही वाचून होतात, पण पाच वर्षांपूर्वीच्या बायोप्सीबद्दल विचारलं की नातेवाईक पिशवीतून फाइल काढतात. त्यात रिपोर्ट असतो, बिलं असतात, औषधांच्या चिठ्ठ्या असतात. ब्लॉक नसतो. तो जिथे तपासणी झाली त्या लॅबच्या कपाटात असतो आणि लॅब तो कायमचा ठेवत नाही. लिम्फोमाचं निदान झालेल्या प्रत्येक घराला म्हणूनच मी सांगते: रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर वेगळा लिहून ठेवा, ब्लॉक किती वर्षं ठेवणार ते लॅबला विचारा, आणि टाकून देणार असतील तर अर्ज करून घरी आणा. करंगळीएवढ्या मेणात बसवलेला तुकडा असतो, उन्हापासून लांब, कोरड्या जागी, डबीत ठेवला तरी पुरतो.